स्पिटफायर आणि वाटाण्याची डाळ

जुनी वस्तू नवी दिसावी म्हणून धडपडणारी माणसं मी जन्मभर पाहत आलो आहे. भिंतीला रंग, पितळेला चिंच, केसांना कलप आणि सेकंडहँड स्कूटरला मेणाचं पॉलिश, यावर निम्मा मध्यमवर्ग जगतो. पण कोरी करकरीत वस्तू रोख पैसे मोजून घरी आणायची आणि मग ती ऐंशी वर्षांची जुनी, तेलकट, धुरकट, चार लढाया खाऊन आलेली दिसावी म्हणून तीन महिने रात्रीचा दिवस करायचा, हा प्रकार मला माझ्या भाच्यानं दाखवला.

भाचा नोकरीनिमित्त आमच्याकडे राहतो. वय एकतीस, पगार चांगला, लग्न अजून व्हायचंय. म्हणजे छंद जडायला लागणारी सगळी सामग्री जय्यत तयार. त्याच्या छंदाचं नाव वॉरबर्ड. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या फोमच्या प्रतिकृती असतात, त्या जोडायच्या, रंगवायच्या आणि हातातल्या रिमोटवर खऱ्याखुऱ्या उडवायच्या. आमच्याकडे खोक्यातून आलं ते स्पिटफायर. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत १२०० मिलिमीटर आणि वजन किलो-सव्वा किलो. खऱ्या स्पिटफायरचे पंख ३६ फूट १० इंच. म्हणजे हे साधारण नवव्या हिश्शाहून थोडं लहान.

"मामा, हे खेळणं नाही, हा इतिहास आहे," भाचा म्हणाला.

मी निवृत्त माणूस. वेळ भरपूर आणि वाचनालयाची वर्गणी भरलेली. इतिहास म्हणतोस ना, मग बघूच, म्हणून मी वाचायला बसलो. आणि निघालं काय, तर भाच्याचं म्हणणं निम्मंच बरोबर होतं. हा इतिहास आहेच, पण तो मुळात खेळण्याचाच इतिहास आहे.

आपली समजूत अशी की आधी विमान आलं आणि मग मुलांना नादी लावायला त्याचं खेळणं निघालं. घडलं ते बरोबर उलट. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फाँस पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणानं पिळलेल्या रबरावर चालणारं हातभर लांबीचं विमान सोडलं. बागेशेजारचा राजवाडा तीनच महिन्यांपूर्वी पॅरिसच्या यादवीत जळून कोळसा झालेला. आणि अशा जागी चार विद्वान माणसं माना वर करून एका रबराच्या खेळण्याकडे बघताहेत! ते अकरा सेकंद उडालं आणि सुमारे ४० मीटर गेलं. पेनोला नौदलात जायचं होतं, पण कमरेच्या दुखण्यामुळे ते जमलं नव्हतं. पुढे त्यानं माणूस बसेल अशा विमानाचा आराखडा केला, त्याला पैसे देणारा कुणी भेटला नाही, आणि १८८० साली वयाच्या तिसाव्या वर्षी त्यानं आपलं आयुष्य संपवलं.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७८ साली, अमेरिकेत मिल्टन राइट नावाच्या एका पाद्र्यानं प्रवासाहून येताना मुलांसाठी एक खेळणं आणलं होतं. बूच, बांबू, कागद आणि रबर. हे पेनोच्याच कल्पनेतून आलेलं भिरभिरं. सोडलं की छताला जाऊन थडकायचं. मोठा मुलगा अकरा वर्षांचा, धाकटा सात. मुलांनी ते अर्थातच मोडलं. पण मग स्वतः तसंच करायला घेतलं. नंतर मोठ्या आकाराचं करून पाहिलं, तर ते उडेना. का उडत नाही, हा प्रश्न त्या दोघांच्या डोक्यातून गेला नाही. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांनी माणूस बसवून विमान उडवलं, त्या पहिल्या उड्डाणाला बारा सेकंद लागले आणि अंतर १२० फूट, म्हणजे ३६-३७ मीटर भरलं. पेनोच्या खेळण्यापेक्षा एक सेकंद जास्त आणि तीन-चार मीटर कमी! बत्तीस वर्षांत मानवजातीनं एवढी मजल मारली. मुलांची खेळणी माळ्यावर टाकणाऱ्या तमाम आईबापांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

माझ्या लहानपणी हा छंद बाल्साच्या लाकडाचा होता. शाळेत एनसीसीची हवाई शाखा होती आणि तिच्यात एरोमॉडेलिंग शिकवत. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतलं झाड, मुख्यतः इक्वेडोरमधलं. त्याची फळी हातात घेतली की कुणीतरी आतलं लाकूड काढून नुसता आकार दिलाय असं वाटायचं. ब्लेडनं कापायची, टाचण्यांनी नकाशावर टोचायची, चिकटवायची, वर पातळ कागद ताणायचा आणि त्यावर डोप नावाचं उग्र वासाचं रसायन फासायचं. आमच्या तुकडीतल्या एका विमानाला सगळा पावसाळा लागला आणि ते उडालं जेमतेम पेनोच्या विमानाएवढं. पण त्या लाकडाला कमी लेखू नका. महायुद्धात ब्रिटिशांचं मॉस्किटो नावाचं अतिवेगवान बॉम्बफेकी विमान याच बाल्साला दोन्हीकडून प्लायवूड लावून केलं होतं, आणि त्याचे भाग फर्निचरवाल्या सुतारांनी घडवले होते. ज्या हातांनी शांततेत कपाटं केली, त्यांनीच युद्धात विमानं केली.

दोरी न बांधता, दुरून हुकूम देऊन विमान उडवायचं वेड त्याआधीच सुरू झालं होतं. मिशिगनमधल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली रेडिओवर चालणारं मोठं मॉडेल केलं. नाव 'गफ'. त्यानं पुढच्या वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. आणि नेमका इथून या इतिहासात सिनेमा घुसतो. हे वाचताना मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

रेजिनाल्ड डेनी हा हॉलिवुडचा इंग्रज नट. पहिल्या महायुद्धात वैमानिकांच्या दलात होता. त्याला मॉडेल विमानांचा नाद लागला, इतका की त्यानं हॉलिवुडमध्ये त्यांचं दुकानच काढलं. मग त्याच्या मनात आलं, की तोफखान्यातल्या जवानांना नेमबाजीचा सराव करायला रेडिओवर उडणारं स्वस्त विमान दिलं तर? सैन्यानं ते उचललं. त्याच्या रेडिओप्लेन कंपनीनं युद्धकाळात अशी सुमारे पंधरा हजार विमानं बनवली. त्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुण मुलीचा फोटो एका लष्करी छायाचित्रकारानं काढला. त्याला तिथे पाठवणारा वरिष्ठ अधिकारी म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन, आणि ती मुलगी पुढे मेरिलिन मन्रो या नावानं जगाला ठाऊक झाली. ही कंपनी १९५२ साली नॉर्थ्रॉपनं घेतली, आणि आजचे प्रचंड टेहळणी ड्रोन त्याच घराण्याचे आहेत. म्हणजे ज्या ड्रोनच्या बातम्या आपण चहा पिताना भीत भीत वाचतो, त्याचा आजा एका खेळण्यांच्या दुकानात जन्मला.

एका नटीवर भागत नाही म्हणून दुसरीही आहे. शत्रूनं रेडिओचे संदेश बिघडवू नयेत म्हणून संदेशाची लहर सतत बदलत ठेवायची, ही युक्ती हेडी लमार या प्रख्यात अभिनेत्रीनं जॉर्ज अँथेल या संगीतकाराबरोबर काढली आणि १९४२ साली तिचं पेटंट मिळवलं. योजना पाणतीरांसाठी होती. लहरी अठ्ठ्याऐंशी, कारण पियानोच्या पट्ट्या अठ्ठ्याऐंशी! तेव्हा अमेरिकन आरमारानं ती वापरली नाही. पण पूर्वी मैदानावर दोघांचा चॅनेल एक निघाला, की एकानं रिमोट चालू करताच दुसऱ्याचं विमान जमिनीत जायचं, आणि मग त्या दोघांचं जे चालायचं त्याला महायुद्धच म्हणायला हवं. २००५ च्या सुमारास सतत लहरी बदलणारे आणि पसरणारे नवे रिमोट आले आणि हा तंटा मिटला. भाच्याच्या हातातल्या रिमोटमध्ये त्याच जातीची कल्पना आहे. हे त्याला सांगितल्यापासून तो रिमोटला जरा जास्तच जपतो.

आता फोम. १९४९ साली जर्मनीत बीएएसएफ कंपनीतल्या फ्रिट्झ श्टास्टनी या रसायनशास्त्रज्ञानं एक नमुना बूटपॉलिशच्या डबीत घालून ऊबदार कपाटात ठेवला आणि तो तिथे राहून गेला. नंतर बघतो तर डबीतून फेसाचा खांब वर आलेला आणि त्याच्या डोक्यावर झाकण! हाच आपला थर्माकोल. शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग नुसती हवा. हवेत उडायला निघालेल्या वस्तूत आधीच इतकी हवा असेल, तर पुढचं काम सोपं. तरी फोमच्या लढाऊ विमानांचा सुळसुळाट झाला तो २००० सालानंतर, जेव्हा हलक्या लिथियम बॅटऱ्या आणि जोरदार ब्रशलेस मोटारी स्वस्त झाल्या. शिवाय थर्माकोलपेक्षा चिवट असा नवा फोम निघाला. त्याला पोचा पडला, तर कढत पाण्यात धरल्यावर पुष्कळसा भरून येतो.

ही बहुतेक विमानं साच्यातून तयार येतात. मग तीन महिने कसले, हा प्रश्न मीही विचारला. त्याचं उत्तर असं, की खोक्यातून आलेलं विमान उडतं, पण ते फेसाचं दिसतं. अंगावर साबुदाण्यासारखे दाणे, साच्याची शिवण आणि रंग औषधाच्या गोळीसारखा. तेव्हा आधी हलकं फिलर भरायचं, बारीक पॉलिशपेपरनं घासायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा घासायचं. मग पातळ काचकापड पाण्यात मिसळणाऱ्या वार्निशनं अंगावर चढवायचं, म्हणजे पत्र्यासारखी कातडी येते. मग रंग. मग पत्र्यांचे जोड पेन्सिलीनं आखायचे. आणि शेवटी, मोठ्या निगुतीनं, सगळं घाण करायचं. इंजिनाच्या धुराड्यांमागे काळ्या खडूची पूड, बंदुकांच्या तोंडाशी काजळी, वैमानिक जिथून चढतो तिथे रुपेरी पेन्सिलीचे ओरखडे.

आमच्या सौ.नं हे दोन दिवस मुकाट पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पस्तीस वर्षं मी या घरातले डाग काढतेय. हा डाग पाडायचं सामान विकत आणतो!"

पण खरी गंमत पुढे आली. पत्र्यावरच्या रिव्हेटा दाखवायला भाचा सुईच्या टोकानं पांढऱ्या गोंदाचे थेंब एकेक करून ठेवत होता. मला तेव्हाच पुस्तकात सापडलं होतं, म्हणून मी वाचून दाखवलं. स्पिटफायरच्या अंगावर उठलेल्या गोल टोप्यांच्या रिव्हेटा लावल्या तर वेग किती कमी होतो, हे सुपरमरीन कंपनीच्या लोकांना पाहायचं होतं. पत्र्याशी सपाट बसणाऱ्या रिव्हेटा मारणं वेळखाऊ काम, जिथे चालेल तिथे स्वस्तातली वापरावी हा हेतू. त्यांनी काय करावं? वाटाण्याची डाळ आणली आणि एकेका सपाट रिव्हेटवर एकेक डाळिंबी चिकटवली! तसं विमान उडवलं, तर वेग ताशी २२ मैलांनी घटला. मग एकेका भागावरची डाळ काढत उडवत गेले, आणि कुठे सपाट रिव्हेट हवीच आणि कुठे नको हे ठरवलं.

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे अक्कल होती त्यांना." त्या दिवसापासून आमच्या घरात विमानाला प्रतिष्ठा मिळाली. ज्या यंत्राच्या घडणीत डाळीचा हात आहे, ते यंत्र परकं राहत नाही.

यानंतर अपग्रेड. म्हणजे चांगल्या चालणाऱ्या वस्तूचे चांगले भाग काढून तिथे महाग भाग बसवणे. प्लॅस्टिकच्या दात्यांचे सर्व्हो काढून धातूच्या दात्यांचे. चाकं पोटात घेणारी यंत्रणा. मोठी मोटार, म्हणून मोठी बॅटरी, म्हणून वजन, म्हणून आणखी मोठी मोटार. विमानाच्या किमतीपेक्षा अपग्रेडचा खर्च जास्त झाला तेव्हा मी मामा या नात्यानं दोन शब्द सांगणार होतो. पण इतिहासानं माझं तोंड बंद केलं. खरं स्पिटफायर तरी काय करत होतं? ५ मार्च १९३६ रोजी ते पहिल्यांदा उडालं ते आठ मिनिटं, चाकं खालीच ठेवून. त्याचा कर्ता आर. जे. मिचेल कर्करोगानं १९३७ साली गेला. बेचाळीस वर्षांचा होता. आपलं विमान वायुदलात दाखल झालेलंही त्याला पाहायला मिळालं नाही. सुरुवातीला त्याला दोन पात्यांचा लाकडी पंखा होता, मग तीन पाती, मग चार, मग पाच. इंजिन हजार-एक अश्वशक्तीचं होतं ते दोन हजारांच्या वर गेलं. वीस हजारांहून जास्त विमानं झाली, आणि पहिल्या व शेवटच्या विमानात सख्ख्या भावांइतकंसुद्धा साम्य उरलं नाही. खोक्यातून आलं तसं वापरावं, असं त्यांनी म्हटलं असतं तर युद्धाचं काय झालं असतं ते सांगायला नको.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग स्टिकरांचा कागद निघाला.

खोक्यात विमानाबरोबर स्टिकर येतात: ब्रिटिश वायुदलाची वर्तुळं, एका इंग्रज तुकडीची अक्षरं. आणि काचेखाली बसवायला प्लॅस्टिकचा वैमानिक, गुलाबी गालांचा. भाचा ते लावणार, एवढ्यात मी म्हटलं, "आपल्या लोकांनी उडवलंय रे हे." तो म्हणाला, "आपल्या? मामा, ही इंग्लंडची लढाई." त्याचा दोष नाही. त्यानं शंभर चित्रफिती पाहिल्या होत्या, आणि त्यांत आपलं कुणीच नव्हतं.

मग मी माझी वही काढली. १९४० साली हिंदुस्थानातून चोवीस वैमानिक ब्रिटनला गेले. त्यांतले महिंदरसिंग पुजी हरिकेन विमान उडवायचे, डोक्यावर पगडी बांधून. पुढे ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले आणि २०१० साली वारले. त्याच आघाडीवर १९४४ पासून आपल्या हवाईदलाची आठव्या क्रमांकाची तुकडी स्पिटफायर उडवत होती. तिकडे विमानांवरच्या वर्तुळातला लाल रंग काढून टाकलेला, कारण जपान्यांच्या विमानांवर लाल गोळा असे आणि आपल्याच तोफांनी आपलंच विमान पाडायचं. लाल गेला, उरल्या निळ्या रंगाच्या दोन छटा.

आणि वर्गणी! इंग्लंडात एका स्पिटफायरची देणगी-किंमत पाच हजार पौंड ठरवून लोकांकडून वर्गण्या गोळा झाल्या. ज्याला विमान झेपत नाही त्यानं सहा पेन्स देऊन एक रिव्हेट घ्यावी. हे तर आपल्या मंडपाच्या पावतीपुस्तकासारखंच. तसाच निधी मुंबईतही जमला, आणि त्यातून आपल्या हवाईदलाच्या पहिल्या तुकडीला १९४१ साली लायसँडर विमानं मिळाली. ही विमानं मुळात टेहळणीची, संथ आणि कोळ्यासारख्या लांब पायांची. १९४२ साली ब्रह्मदेशात त्या तुकडीचे प्रमुख करुण कृष्ण मजुमदार यांनी तिथल्या तिथे त्यांना अडीचशे पौंडी बॉम्ब लटकवून घेतले आणि जपानी तळावर हल्ला केला. अपग्रेड म्हणतात ते हे! मुंबईच्या वर्गणीचं विमान आणि टांगणीचा बॉम्ब. मजुमदार फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला हवाई कसरती दाखवताना कोसळले. युद्ध संपायला थोडेच महिने उरले होते.

शिवाय स्पिटफायर १९४७ साली काश्मीरच्या लढाईतही उडालं, आता स्वतंत्र देशाचं म्हणून. त्या लढाईत महावीरचक्र मिळवणारे हृषीकेश मुळगावकर पुढे १९७६ ते १९७८ हवाईदलप्रमुख होते. मुळगावकर हे नाव ऐकल्यावर भाच्यानं हातातला ब्रश खाली ठेवला. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, आठव्या तुकडीचं करायचं."

हे म्हणणं सोपं. ब्रह्मदेशातल्या त्या स्पिटफायरचं नाक लांब, शेपूट टोकदार, पंख्याला चार पाती आणि पंखांखाली दोन सारखे रेडिएटर. खोक्यातलं विमान आधीच्या पिढीचं, आखूड नाकाचं. इथे आम्हाला आमच्या खालच्या मजल्यावरचे मखरवाले काका आठवले. चाळीस वर्षं त्यांनी गणपतीची मखरं केली: कमानी, महिरपी, मोर, सगळा थर्माकोल, आणि सगळं कापायचं तापलेल्या नायक्रोमच्या तारेनं. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली. नद्या-नाल्यांकडे बघितलं तर ती योग्यच होती. काकाही तसंच म्हणतात. पण चाळीस वर्षांचा हात एका परिपत्रकानं रिकामा होतो, त्याचं काय करायचं हे परिपत्रकात नसतं.

काका वर आले. चित्र पाहिलं. विमान ज्यात गुंडाळून आलं होतं, तोच पॅकिंगचा थर्माकोल उचलला, तार तापवली आणि बोटाच्या पेराएवढं नाक, दुसरा रेडिएटर आणि शेपटीचं टोक लोण्यासारखं कापून काढलं. तारेनं फोमचे पंख कापण्याची कला जगभरच्या मॉडेलवाल्यांची आहे. आमच्या काकांची महिरप आणि स्पिटफायरचा लंबवर्तुळाकार पंख यांत कापणाऱ्याच्या मनगटाला काही फरक वाटला नाही. भाचा झटपट चिकटणारा गोंद घेऊन पुढे झाला, तर काकांनी त्याचा हात धरला. "त्यानं थर्माकोल खातो. पांढरा गोंद लाव. आणि स्प्रे मारायच्या आधी त्याचाच एक हात दे." तो झटपट गोंदही युद्धाचंच अपत्य बरं का. १९४२ साली हॅरी कूव्हर यांची मंडळी बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होती, तेव्हा हे रसायन निघालं, सगळीकडे चिकटतं म्हणून बाजूला टाकलं, आणि १९५८ साली चिकटतं म्हणूनच विकायला काढलं.

दोन निळ्यांची वर्तुळं नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्यानं कापून दिली. त्यानं कारण विचारलं, ते ऐकून पैसे कमी घेतले. उरला गुलाबी गालांचा वैमानिक. भाच्यानं त्याचा रंग बदलला. आणि सौ.नं ब्लाउजपीसची करंगळीएवढी पट्टी घेऊन, चष्मा लावून, चिमट्यानं त्याच्या डोक्यावर पगडी बांधली. पहिल्यांदा सैल झाली म्हणून सोडून पुन्हा बांधली. "वाऱ्यात उडायला नको," म्हणाली.

ड्रोनचे नियम २०२१ साली आले, त्यांत छंदाच्या मॉडेलांना वेगळी जागा आहे: पंचवीस किलोच्या आत, आणि डोळ्यांना दिसेल इतकंच दूर. सरकारी नकाशावरचा हिरवा पट्टा शोधून एका रविवारी आम्ही चौघं एका माळावर गेलो. काका पुढच्या सीटवर, विमान त्यांच्या मांडीवर. भाच्यानं पहिल्या खेपेला चाकं खालीच ठेवली. विमान सात मिनिटं उडालं. उतरताना गवतात नाकावर कलंडलं. खऱ्या स्पिटफायरचेही पाय असेच जवळजवळ आणि खोड अशीच वाईट. नाकाला पोचा पडला. काकांनी हात फिरवून पाहिलं आणि "राहू दे, शोभतो" असा निकाल दिला.

तिथे गुरं राखणारी तीन पोरं आली होती. एकानं काचेतून आत डोकावून विचारलं, "हा सरदारजी कोण?"

भाच्यानं सांगायला सुरुवात केली. १९४० पासून. मी पाहिलं, पोरं खाली बसली. शाळेच्या पुस्तकातला इतिहास तयार खोक्यातून येतो, स्टिकर आधीच लावलेले आणि आत कुणीतरी गुलाबी गालांचा माणूस. तो तसाच उडवला तरी उडतो, तक्रार काही नाही. पण थोडं घासलं, थोडी डाळ चिकटवली, एखाद्या म्हाताऱ्याचा रिकामा हात कामाला लावला, तर आतला माणूस बदलतो, आणि मग पोरं विचारतात, हा कोण.

सध्या भाचा लायसँडर शोधतो आहे. तसं खोकं मिळत नाहीसं दिसतं. काका म्हणतात, "खोकं कशाला हवंय?" आणि वर्गणीचं म्हणाल, तर पावतीपुस्तक आमच्याकडे आहे.